फोटो होईपर्यंत नळ सोडू नये

आमच्याकडे येणारी माणसं हल्ली चपला काढता काढता विचारतात, "हे छापणार नाही ना?" परवा नणंद आली. बाथरूममध्ये जाऊन आली आणि चक्क काहीच बोलली नाही. पूर्वी दार उघडल्या उघडल्या "अगंबाई, हे काय गं टाइल्सचं करून ठेवलंत!" असं झालं असतं. आता तिला पक्कं ठाऊक आहे की ते वाक्य येत्या शनिवारी, 'आमच्या एका जवळच्या नातेवाईक बाईंच्या मते' एवढ्या पडद्याआडून, तिच्याच सासरच्या दारात येऊन पडेल. नणंदेला गप्प बसवायचा इतका खात्रीचा उपाय मला लग्नातच कुणी सांगितला असता, तर मी तेव्हाच लिहायला लागले असते.

नवरा आणि मी एका दैनिकाच्या शनिवार पुरवणीत पंधरवड्याला एक सदर लिहितो. विषय एकच, आमचं घर आणि त्याची दुरुस्ती. एका लेखात तो, पुढच्या लेखात मी. घर पुण्यातल्या एका तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारत सत्तरच्या दशकातली. घर घेतलं, मुद्रांक शुल्क भरलं आणि मग खिशात जे उरलं त्यात एका खोलीची एक भिंत रंगली असती, तीही एकाच हातात. तेव्हा राहत्या घरात, एकेक खोली करत, जमेल तसं काम करायचं ठरलं. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र त्या पुरवणीचं बघतो. तो म्हणाला, नाहीतरी भांडणारच आहात, तर लिहा. मानधनात बेसिनचा एक बऱ्यापैकी नळ येतो. नुसता नळ. बसवणावळ आम्ही घालतो.

पहिल्याच लेखाला नवऱ्याने 'घर पाहावं बांधून' असा मथळा दिला होता. मित्राने तो परत पाठवला. त्या आठवड्यात त्याच्याकडे त्याच मथळ्याचे आणखी तीन लेख आले होते, त्यांतला एक शेअर बाजारावरचा. तेव्हापासून आमच्या सदरात त्या म्हणीला प्रवेश नाही. शेजारपाजारचे मात्र जिन्यात सिमेंटचं पोतं दिसलं की ती म्हण संपूर्ण, लग्नाच्या उत्तरार्धासकट, म्हणून दाखवतात आणि आपणच ती पहिल्यांदा म्हटली अशा चेहऱ्याने वर जातात.

सदर सुरू झालं आणि घर आमच्या हातातून गेलं. म्हणजे मालकी आमचीच, हप्ते तर आमचेच, पण घरात काय कधी वापरायचं हे पुरवणी ठरवायला लागली. नवं बेसिन बसलं की त्यात हात धुवायचे नाहीत, कारण फोटो व्हायचाय. बेडरूमला रंग लागला की कपाट भिंतीला टेकवायचं नाही, फोटो व्हायचाय. फोटो काढणारा मुलगा पुरवणीचाच, भला आहे, पण त्याला त्याच दिवशी एक पुस्तक प्रकाशन, एक आंबा महोत्सव आणि एक मोर्चा असतो. त्यामुळे आमचं नवंकोरं बाथरूम बराच काळ तसंच चकचकीत आणि कोरडं ठणठणीत उभं होतं, आणि सासूबाईंसह आम्ही तिघं टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्यांकडे अंघोळीला जात होतो. नवऱ्याने बाथरूमच्या दारावर पाटीही लावली होती, 'फोटो होईपर्यंत नळ सोडू नये.' खाली 'हुकुमावरून'. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "हुकूम कुणाचा?" याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

नवऱ्याच्या लेखांत एक प्रकार आढळतो. तो प्रत्येक वाक्य 'आम्ही' असं सुरू करतो. आम्ही जुनी वायरिंग काढली. आम्ही गिलावा झाडला. आम्ही भिंत खरवडली. यातल्या एकाही वेळी तो घरात नव्हता. तो ऑफिसात होता, आणि मी राडारोडा गोणीत भरणाऱ्या बिगाऱ्याशी 'गोणी गच्च भरून का अर्धी भरून' या विषयावर वाटाघाटी करत होते. याउलट माझ्या लेखात 'मी' आला की त्याला वाईट वाटतं. "सदर जोडप्याचं आहे," तो म्हणतो. जोडप्याचंच आहे. म्हणून तर एकाने धूळ खायची आणि एकाने तिचं वर्णन करायचं, अशी वाटणी झाली आहे.

त्याचं वर्णन चांगलं असतं हे मी मान्य करते. जुन्या खिडकीच्या गजांमधून येणाऱ्या उन्हावर त्याने जे लिहिलं ते वाचून दोन वाचकांनी खिडक्या बदलायचं रद्द केलं. पण ज्यावर ऊन पडत नाही ते सगळं माझ्या वाट्याला येतं. मी लिहिते वायरवर. दिव्यापंख्याला दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, आणि घरातल्या माणसांना शॉक लागू नये अशी इच्छा असेल तर 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी. असल्या लेखांना फोटो नसतो. माझ्या लेखाच्या बाजूला पुरवणीवाले कुठल्यातरी परदेशी झुंबराचं चित्र टाकतात.

तरीही आमच्या सदराला आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात मोठा गठ्ठा माझ्या लेखाचा आहे. विषय होता बाथरूमचा उतार. मी एवढंच लिहिलं होतं की फुटाला एक सूत, म्हणजे आठवा भाग इंच, एवढा उतार जाळीकडे हवा, आणि फरशी बसवल्यावर गवंड्याला चहा देण्याआधी जमिनीवर एक बादली ओतून पाहावी. पाणी जाळीकडे गेलं तर चहा. दाराकडे आलं तर आधी फरशी उचलायची, मग चहा. सिमेंट घट्ट व्हायच्या आत हे करायचं, कारण एकदा ते घट्ट झालं की गवंडी "थोडा वाइपर मार लेना" असं म्हणतो आणि ते 'थोडा' तुमच्या मुलांच्या लग्नापर्यंत चालतं. हे छापून आलं आणि महाराष्ट्राने मन मोकळं केलं. साताऱ्याहून एका आजोबांनी लिहिलं की ते निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पाणी जाळीकडे ढकलतात आणि आता तोच त्यांचा व्यायाम आहे. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या बाथरूमचा उतार थेट देवघराकडे आहे. नवऱ्याने त्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोकांना सौंदर्याची काही पडलेली नाही." मी म्हटलं, सौंदर्य बघायला पाय कोरडे लागतात. हे वाक्य त्याने पुढच्या लेखात वापरलं. 'आम्हाला वाटतं' असं लिहून.

भिंतीचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं, कारण छापून आलं ते निराळं आहे. नवऱ्याच्या डोक्यात ओपन किचन होतं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडायची, तिथे उंच स्टुलं ठेवायची, आणि त्या स्टुलांवर बसून आम्ही काहीतरी पिणार होतो. काय ते त्याने सांगितलं नाही. आमच्याकडे संध्याकाळी ताक असतं. मी म्हटलं, लाल मिरचीची फोडणी टाकली की हॉलमधला पाहुणा खोकत जिन्यापर्यंत जाईल. तो म्हणाला, चिमणी बसवू. सासूबाईंनी विचारलं, "चिमणीला काय खायला घालायचं?" त्यांना चिमणी म्हणजे काय ते उत्तम माहीत होतं. त्यांना फक्त मुलाचा चेहरा बघायचा होता.

तेव्हा त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि "पार्टिशन वॉल आहे" असा निर्णय दिला. मी दाराच्या चौकटीपाशी टेप धरला. नऊ इंच, वर गिलावा. आमच्या इमारतीसारख्या लोड बेअरिंग बांधकामात नऊ इंची भिंत ही भिंत नसते, तो खांब असतो. वरचा स्लॅब, वरच्यांचं कपाट, वरच्यांचे पाहुणे, सगळं तिच्यावर बसलेलं असतं. आरसीसीच्या इमारतीत भार कॉलम-बीमवर असल्याने मधली साडेचार इंची भिंत कधी कधी काढता येते, पण तिथेही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं आणि सोसायटीची परवानगी काढायची. आम्ही इंजिनिअर बोलावला. वयस्कर गृहस्थ. त्यांनी भिंत पाहिली नाही, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाडा ना. फक्त आधी वरच्यांना सांगा, खाली जेवायला येताय म्हणून." फी घेतली आणि गेले.

पुढच्या पंधरवड्यात नवऱ्याचा लेख आला. मथळा होता, 'ओपन किचनच्या लाटेला आम्ही नकार का दिला'. त्यात मराठी स्वयंपाकघराची खासगी ऊब, अर्ध्या उघड्या दारातून येणारा वास आणि परंपरेचं भान असं बरंच काही होतं. इंजिनिअर नव्हते. वाचकांना लेख फार आवडला.

ओट्याच्या उंचीवर मात्र आमचं जे झालं, त्याला भांडण म्हणणं बरोबर नाही. ती दोन देशांमधली बोलणी होती. नियम सोपा आहे. जो स्वयंपाक करणार त्याच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा, म्हणजे पोळी लाटताना पाठ वाकत नाही. नवरा पाच फूट दहा इंच, मी पाच फूट एक. माझ्या मापाने ओटा तेहेतीस इंच येतो, त्याच्या मापाने अडतीस. लक्षात घ्या, ज्याच्या मापाचा ओटा, त्याचा स्वयंपाक, जन्मभर. ग्रॅनाइट एकदा बसला की पुन्हा उठत नाही.

"तुझ्या उंचीचाच कर," नवरा अतिशय प्रेमाने म्हणाला. "तुझी पाठ महत्त्वाची."

"छे, तुझ्या उंचीचा करू," मी म्हटलं. "तुला स्पाँडिलायटिस आहे."

"अगं, मला सवय आहे वाकायची."

"तेच म्हणते मी, नको वाकूस."

एकमेकांची इतकी काळजी आम्ही साखरपुड्यातही केली नव्हती. सासूबाई मधेच म्हणाल्या की त्यांच्या काळी ओटा नव्हताच, त्या पाटावर बसून स्वयंपाक करायच्या आणि तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नाही. खरं आहे. पाटाला उंची नसते, त्यामुळे पाटावर कुणी बसायचं हे आधीच ठरलेलं असायचं. शेवटी छत्तीसवर तडजोड झाली. तडजोड म्हणजे मी जिंकले, पण दोन इंच कमी करून त्याला ते जाणवू दिलं नाही. गवंड्याने आयुष्यभर बत्तीसचे ओटे बांधलेले. तो टेप घेऊन पुन्हा पुन्हा विचारत होता.

"छत्तीस? मॅडम, खाना क्या स्टूल पे चढके बनाएंगे?"

"साहेब बनाएंगे," मी म्हटलं.

त्याने हळूच मान वळवून साहेबांकडे पाहिलं. मग टेप खिशात घातला, आणि त्या दिवसापासून साहेबांना चहात एक चमचा साखर जास्त मिळू लागली.

नवा ओटा फोटोत दिसतो तेव्हा त्यावर एक लाकडी पाटी, पाच पिवळी लिंबं आणि कोथिंबिरीची जुडी असते. ती लिंबं फोटोवाल्या मुलाची. तो ती पिशवीत घेऊनच फिरतो. त्याच्या सगळ्या स्वयंपाकघरांत तीच पाच लिंबं आहेत, नीट बघा. प्रत्यक्षात आमच्या ओट्यावर मिक्सर, लाइट बिल, रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाचा तरी डबा जो परत द्यायचा आहे, आणि सासूबाईंची लोणच्याची बरणी असते. फोटोच्या वेळी त्यांनी ती हलवू दिली नाही. मुलाने अँगल बदलला, त्यांनी बरणी बदललेल्या अँगलमध्ये सरकवली. छापून आलेल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात बरणीचं झाकण आहे. त्यांनी ते कात्रण जपून ठेवलंय. लेख कापून टाकलाय.

फरशीवर आम्ही उघड भांडलो, आणि तेही छापून. घरात जुनी मोझॅक होती, सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घातलेली, दहा बाय दहा इंची, पिवळट-काळी. नवऱ्याला तिच्यावर दोन बाय चारची व्हिट्रिफाइड चिकटवायची होती. मोरबीहून येणाऱ्या त्या टाइल्स दुकानात इतक्या चमकतात की माणूस आधी स्वतःचे केस नीट करतो आणि मग भाव विचारतो. मला मोझॅक पॉलिश करून ठेवायची होती. माझं म्हणणं हिशोबाचं होतं. जुन्या फरशीवर नवी चिकटवली की जमीन वर येते, मग घरातलं प्रत्येक दार खालून तासायचं आणि बाथरूमचा उंबरठाही वाढवायचा, नाहीतर तिकडचं पाणी हॉलमध्ये. आणि आधीच वय झालेल्या स्लॅबवर एवढं ओझं कशाला? एका लेखात त्याने बाजू मांडली, पुढच्या लेखात मी. मित्राने खाली 'वाचकांनी कळवावं' अशी चौकट टाकली.

वाचकांनी कळवलं. एक सविस्तर पत्र आलं, त्यात मुंबईतल्या भारत टाइल्सचा दाखला होता, 1922 साली स्वदेशीच्या भरात सुरू झालेल्या कारखान्याचा, आणि त्या काळच्या रंगीत नक्षीच्या फरशा अजून कशा टिकून आहेत याचं वर्णन. नवरा त्याने थोडा नरमला. पण त्याचा पाडाव केला दुसऱ्याच एका पत्राने. त्यात म्हटलं होतं की ज्याने लहानपणी त्याच जातीच्या फरशीवर रांगून गुडघे घट्ट केले, त्याने आता तिला नावं ठेवू नयेत. अशा मुलाला आईने चांगलं वळण लावलं असणार, पण पुढे ते कुठे गेलं कळत नाही. सही, 'एक वाचक, सदाशिव पेठ'. पत्र कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या पानामागे लिहिलेलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं मार्चचं पान बरेच दिवस नाहीसं होतं. सासूबाईंचं माहेर सदाशिव पेठेतलं आहे.

मोझॅक राहिली. पॉलिशवाला मशीन घेऊन आला, आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग आणखी बारीक, सगळं पाणी ओतत ओतत. घरभर घोट्याएवढा राखाडी चिखल, भिंतीवर गुडघ्यापर्यंत शिंतोडे, आणि शेवटी ऑक्झॅलिकची पावडर. त्या चिखलातून जी फरशी वर आली ती पाहून नवरा गप्प झाला. मग त्याने फोन काढला. मी म्हटलं, थांब, आधी आपण दोघं नुसतं बघू. त्याने नुसतं बघितलं. मला वाटतं त्याला ते जड गेलं.

दुसरी जोडपी महाबळेश्वरला जातात, आम्ही भवानी पेठेत जातो. टिंबर मार्केट आधी, मग रविवार पेठेत बोहरी आळीला बिजागऱ्या आणि स्क्रू, आणि रविवार असेल तर जुन्या बाजारात पितळी कडीकोयंडे. ही आमची सहल. दुकानात शिरलं की काउंटरवरचा माणूस नवऱ्याकडे बघून विचारतो, "बोला साहेब, काय देऊ?" साहेब माझ्याकडे बघतात. मापं माझ्या पर्समध्ये असतात. मी मापं सांगते, दुकानदार ती लिहून घेतो आणि भाव मात्र साहेबांना सांगतो. साहेब पुन्हा माझ्याकडे बघतात. मी "जास्त आहे" म्हणते. दुकानदार साहेबांना म्हणतो, "साहेब, ताईंना समजवा." हा तमाशा मी दर वेळी आनंदाने बघते, कारण साहेबांना प्लाय आणि ब्लॉकबोर्डमधला फरक अजून येत नाही आणि हे फक्त मला माहीत आहे. आता तुम्हालाही.

त्यातूनच उकळीचा प्रयोग झाला. सिंकखालच्या कपाटासाठी प्लाय घ्यायचा होता. शीटवर आयएस 303 असा शिक्का असेल तर तो सर्वसाधारण वापराचा, 710 असेल तर मरीन, पाण्याला टिकणारा. दुकानदार दोन्हींना 'वॉटरप्रूफ' म्हणतो, कारण दुकानात पाऊस पडत नाही. 710 च्या प्लायला 72 तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते, एवढं मी बोलता बोलता बोलून गेले. नवऱ्याचे डोळे चमकले. रविवारी सकाळी तो शिल्लक तुकडा सर्वांत मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढवून बसला, शेजारी वही, वेळ लिहायला. दुपारी सासूबाई झोपून उठल्या, झाकण उचललं.

"काय शिजतंय रे?"

"प्लाय."

त्यांनी वाकून पाहिलं. "मीठ घातलंस का?"

परीक्षा 72 तासांची आणि सिलिंडर 14.2 किलोचा, हा मेळ बसत नाही हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं आणि मी गॅस बंद केला. प्लाय शाबूत होता. पातेल्याला मात्र जो वास लागला तो गेला नाही. त्यात आता फक्त चुना कालवतात. पण लेख झाला, आणि ज्यांना पुस्तकी माहिती आवडत नाही त्या वाचकांनीही तो वाचला. गृहिणींनी पातेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

आमच्या सदराने कुणाचं भलं केलं असेल तर ते आमच्या मिस्त्रीचं. माणूस हुशार, हात साफ, ओळंबा लावल्याशिवाय वीट ठेवत नाही, पारदर्शक नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एका रेषेत आल्याशिवाय टाइलला हात लावत नाही. नवरा त्याच्याशी हिंदीत बोलतो. "भैया, ये दीवार को ओल आयी है, देखो कैसे पोपडे गिर रहे है." मिस्त्री भला, तो मराठीत उत्तर देतो, कामावर राहून त्याची मराठी नवऱ्याच्या हिंदीपेक्षा केव्हाच पुढे गेली आहे. आम्ही त्याच्यावर एक संपूर्ण लेख लिहिला, नाव न देता, पण कामाची पद्धत बारकाईने सांगत. बास. फोन सुरू झाले. कोथरूड, बाणेर, एरंडवणे, पुरवणीच्या ऑफिसात, मित्राकडे, आमच्याकडे. 'तो नळीवाला मिस्त्री' हवा. आम्ही मोठ्या अभिमानाने नंबर वाटला. आता आमच्या गॅलरीची अर्धी फरशी लागलेली आहे आणि अर्धी कोरी आहे. फोन केला की तो आदराने म्हणतो, "ताई, तुमचं काम पहिलं. दिवाळीनंतर." कुठली दिवाळी ते विचारायला मला भीती वाटते. त्याने नवीन मोटारसायकल घेतली, आणि पेढे द्यायला मात्र तो आवर्जून आला होता. कोऱ्या अर्ध्या गॅलरीत उभा राहून म्हणाला, "इथे तर साधंच काम आहे." आम्ही पेढा खाल्ला.

खरी अडचण पुढेच आहे. घर होत आलंय. गॅलरी सोडली तर मोडकं असं काही उरलेलं नाही, आणि दर पंधरवड्याला मित्राचा फोन येतो, "पुढचं काय?" नवरा रात्री उठून भिंतींवर हात फिरवतो. कुठे तडा आहे का, पोकळ आवाज येतो का. एकदा तर त्याने माझ्या माहेरच्या घराचं वय विचारलं. मी म्हटलं, बाबांच्या भिंतींना हात लावलास तर तुझ्यावर लिहीन, एकटी, 'मी' म्हणून.

अशा वेळी गेल्या आठवड्यात हॉलच्या छताला डाग आला. नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर, कोपऱ्यात, बशीएवढा. वर बाथरूम आहे. एरवी अशा डागावरून दोन मजल्यांचं बोलणं बंद होतं. पुढची पायरी म्हणजे सेक्रेटरीला अर्ज, मग उपनिबंधकांची भाषा. पावसाचं किंवा बाहेरच्या सामाईक पाइपचं पाणी असेल तर दुरुस्ती सोसायटीकडे, पण वरच्याच्या घरातल्या बाथरूममधून झिरपत असेल तर तो त्या दोन घरांमधला मामला. आमच्या वर राहणारे काका सत्तरी ओलांडलेले, अतिशय सरळ. बातमी कळताच धोतर सावरत खाली आले, डागाखाली उभे राहिले आणि गदगदून म्हणाले, "वहिनी, लाज वाटते हो. सगळा खर्च माझा. उद्याच फोडायला सांगतो."

"काका, बसा तर," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फरशीच्या दिवशीही पाहिला नव्हता. "अजिबात घाई करू नका. फोडायचं नाही. रोज अंघोळ चालू ठेवा."

"अहो पण तुमचा रंग…"

"रंगाचं काय घेऊन बसलात. गळती कुठून येते हे शोधण्यावर एक लेख, तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग हा दुसरा, पाणी साठवून चोवीस तास बघायचं तो तिसरा, त्यात तुमची मुलाखत. दिवाळीपर्यंत बघायला नको." मग डागाकडे बघून तो जरा नाराज झाला. "फक्त फोटोत तो उठून दिसत नाही अजून. फोटोवाला शनिवारी येणार आहे."

काका डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मुलाखत म्हटल्यावर त्यांच्यात फरक पडला होता हे दिसत होतं; पाठ जरा ताठ झाली होती. शर्ट कुठला घालू, हे त्यांनी दोनदा विचारलं. आकाशी घाला, मी म्हटलं, पांढरा छतात मिसळून जाईल.

शुक्रवारी रात्री वर बराच वेळ बादल्यांचा आवाज येत होता. सकाळी डाग परातीएवढा झाला होता.